सोबत येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला 'पूरक' म्हणावे का?

प्रश्न – वाचनालय_कार्यकर्ता

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाची स्मरणिका छापावयास जाणार आहे. तीत परिसरातील खाद्यपदार्थ, यात्रेतील गायन-वादन आणि शेती असे तीन विभाग असून प्रत्येक विभागात मुख्य गोष्टीसोबत येणाऱ्या गोष्टींचे एक उपप्रकरण आहे. त्यांना अनुक्रमे 'पूरक पदार्थ', 'पूरक वाद्ये' आणि 'पूरक पिके' असे मथळे द्यावेत, असे संपादक मंडळाचे मत पडले आहे. तिन्ही ठिकाणी एकच शब्द असला म्हणजे वाचकाला सोयीचे होईल, असे त्यांचे म्हणणे. मला मात्र लोणच्याला पूरक म्हणणे पटत नाही, आणि तबलजीला पूरक वादक म्हणणे तर मुळीच नाही. या सर्वांना सामावून घेणारा एखादा शब्द मराठीत आहे का, की प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्दच वापरावा?

प्रतिसाद – माणदेशी

आपला आक्षेप रास्त आहे. जेवणापुरते बोलायचे तर आपल्याकडे या कामासाठी किमान तीन शब्द रोजच्या वापरात आहेत आणि त्यांची कामे वेगळी आहेत. भाकरी कोरडी असते, तिच्यासोबत ओलसर काहीतरी हवे, म्हणून आमच्या बाजूला आमटी किंवा पातळ भाजी यांना 'कोरड्यास' म्हणतात, "आज कोरड्यास काय केलंय?" हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. 'कालवण' म्हणजे जे भातात किंवा कुस्करलेल्या भाकरीत कालवले जाते ते. कोकण किनाऱ्यावर कालवण म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर माशाचे कालवणच येते. 'तोंडीलावणे' मात्र कालवले जात नाही. घासाबरोबर ते चवीपुरते घेतले जाते: लोणचे, चटणी, ठेचा, पापड, सांडगे.

यातली खरी कसोटी प्रमाणाची नसून खाण्याच्या रीतीची आहे, असे मला वाटते. एखाद्या दिवशी घरात दुसरे काहीच नसल्यामुळे नुसत्या लोणच्याबरोबर भाकरी खाल्ली, तरी आपण त्या लोणच्याला कालवण म्हणत नाही. ते तोंडीलावणेच राहते. पंगतीच्या पानाची मांडणीही हाच भेद पाळते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि लोणचे डाव्या बाजूला वाढतात, तर भाजी आणि आमटी उजव्या बाजूला. म्हणून 'डावी बाजू' एवढे म्हटले तरी वाढणाऱ्याला काय आणायचे ते कळते. आपल्या मथळ्यासाठी 'कोरड्यास आणि तोंडीलावणी' असे दोन्ही शब्द घ्यावेत, कारण त्यांपैकी एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

प्रतिसाद – लेहरा

गायन-वादनाच्या विभागात 'साथ' किंवा 'साथसंगत' हाच शब्द हवा. 'पूरक वाद्य' म्हटल्याने असा समज होतो की काही वाद्ये स्वभावतःच दुय्यम असतात, आणि ते खरे नाही. विलंबित एकतालातील ख्याल चालू असतो तेव्हा तबलावादक बारा मात्रांचा ठेका सांभाळून गायकाला मोकळीक देतो. ती साथ होय. तोच वादक एकल तबलावादनाला बसला, की तीनतालाच्या सोळा मात्रांत बांधलेली एकच धून हार्मोनियमवर पुनःपुन्हा वाजवली जाते, आणि आता साथ त्या लेहऱ्याची असते. म्हणजे साथ हे वाद्याचे नाव नसून त्या मैफलीतील नात्याचे नाव आहे. आकाशवाणीवर १९४० पासून सुमारे तीस वर्षे हार्मोनियमला मज्जाव होता, तेव्हा सारंगीसारखी वाद्ये गायकांच्या मागे होती. वाद्य बदलले, तरी साथ हा शब्द जागचा हलला नाही.

आपल्या यात्रेत तमाशा किंवा पोवाडा होत असेल, तर तेथील शब्द अवश्य नोंदवावेत. शाहिराच्या मागे उभे राहून ध्रुवपद उचलणाऱ्यांना झीलकरी म्हणतात. वारकरी कीर्तनात हे काम टाळकरी करतात. गोंधळात संबळ आणि तुणतुणे, तर वाघ्या-मुरळीच्या जागरणात दिमडी असते. या मंडळींची नावे छापील कार्यक्रमपत्रिकेत फार क्वचित येतात, म्हणून स्मरणिकेत निदान त्यांच्या कामाचे नाव तरी बिनचूक यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रतिसाद – आवक_जावक

'पूरक' या शब्दात उणीव गृहीत धरलेली असते, हा मुद्दा मंडळासमोर ठेवावा. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेत बालकांना 'पूरक पोषण आहार' दिला जातो, कारण घरच्या आहारात जे कमी पडते ते त्यातून भरून काढायचे असते. तेथे हा शब्द अगदी योग्य आहे. पुरणपोळीच्या जेवणात मात्र कोणती उणीव आहे, जी कोशिंबीर भरून काढते? कार्यालयीन मराठीतही हे भेद काटेकोरपणे पाळले जातात. पत्रासोबत पाठवतात ते सहपत्र, पुस्तकाच्या शेवटी येते ते परिशिष्ट, आणि मूळ लेखन संपल्यावर नंतर जोडतात ती पुरवणी. विधिमंडळातील पुरवणी मागण्याही अर्थसंकल्पातील तरतूद अपुरी पडल्यावर मांडल्या जातात.

प्रतिसाद – कपाशी_तूर

शेतीच्या विभागाबद्दल एवढेच सांगतो की तेथे 'पूरक पिके' हा मथळा वाचकाची दिशाभूल करील. कपाशीत ठरावीक ओळींनंतर तुरीचे तास धरले, तर ते आंतरपीक होते. दोन पिकांचे बी एकत्र करून पेरले, तर ते मिश्रपीक. तूर मुळांवरील गाठींतून जमिनीला नत्र देते आणि तिची मुळे खोल जातात, त्यामुळे या जोडीला पूरक म्हणता येईल, हे मान्य आहे. परंतु शेताच्या कडेने झेंडू लावतात तो अळीने मुख्य पिकाऐवजी त्याच्याकडे वळावे म्हणून. ते सापळा पीक आहे. बीटी, म्हणजे बोंडअळीला मारक जनुक घातलेल्या, कपाशीसोबत बिगरबीटी कपाशी लावतात ती आश्रय पीक, आणि तिचा हेतू अळीमध्ये बीटीविरुद्ध प्रतिकारशक्ती लवकर तयार होऊ नये हा असतो. एक पीक जमिनीला देते, दुसरे स्वतः कीड सोसते, तिसरे किडीला जागा देते. शेतकरी वाचकाला हा फरक पिकाच्या नावावरूनच कळायला हवा.

प्रश्नकर्त्याचे उत्तर – वाचनालय_कार्यकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उणिवेचा मुद्दा मंडळाला पटला असून 'कोरड्यास आणि तोंडीलावणी', 'साथसंगत' आणि 'आंतरपिके व सापळा पिके' असे मथळे निश्चित झाले आहेत. झीलकऱ्यांसाठी साथसंगतीच्या प्रकरणात एक स्वतंत्र पान राखले आहे. त्याच पानाला लागून लग्नविधींची टिपणे आहेत, आणि नवरीसोबत सासरी जाणारी पाठराखीण, मिरवणारी करवली व सणाला लेकीला माहेरी न्यायला येणारा मुऱ्हाळी यांची माहिती त्यांत एकत्र दिलेली आहे. ती तिघे कोणाची कोण लागतात आणि केव्हा सोबत असतात, याविषयी आपल्या भागातील रीत कोणी लिहिली, तर ती आठवडाभरात समाविष्ट करता येईल.