ठरावीक पिशवीची सक्ती : सोलमधून थोडी भर

तुमच्या सोसायटीत कचऱ्यासाठी ठरावीक पिशव्याच विकत घ्यायची सक्ती करण्याचा प्रस्ताव आहे आणि कचऱ्यासाठी अशा पिशव्या विकत घ्यायला लावणे म्हणजे दुहेरी कर आहे, असा सूर वरच्या काही प्रतिसादांत उमटला आहे. सोलमध्ये राहत असल्यामुळे मला तो निम्माच पटतो. दक्षिण कोरियात १ जानेवारी १९९५ पासून ही पद्धत देशभर लागू आहे आणि तिची मेख अशी की, पैसे मोजावे लागतात ते उरलेल्या मिश्र कचऱ्याच्या पिशवीसाठी (अन्नाच्या कचऱ्याचे वेगळे). कागद, काच, डबे, प्लास्टिक वेगळे करून दिले तर त्यांचे काहीही द्यावे लागत नाही. साहजिकच वीस लिटरची पिशवी महिन्यात जितकी कमी लागेल तितके बरे, म्हणून माणसे आपणहून बाटलीवरचे वेष्टन सोलून, बाटली चेपून ठेवू लागतात. (पिशवी ठासून भरून तोंडाला चिकटपट्टी लावणारे महाभाग इथेही आहेतच.)

गैरसोय मात्र खरी आहे. पिशवीवर त्या-त्या भागाच्या प्रशासनाचे नाव छापलेले असते, त्यामुळे घर बदलून शेजारच्या भागात गेले की उरलेल्या पिशव्यांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. त्यातल्या त्यात सोय म्हणजे मोठ्या दुकानांत सामान नेण्यासाठी हीच पिशवी विकत मिळते आणि घरी आल्यावर तिच्यातच कचरा भरता येतो. तुमच्या सोसायटीचा प्रस्ताव मात्र उलटा दिसतो, कारण तिथे पुनर्वापराच्या सुक्या कचऱ्यालाच विकतची पिशवी सक्तीची केली आहे. त्याला माझाही विरोधच राहील.