कोरियन पुस्तके वाचायची तर ई-रीडरवर की फोनवर?

शब्दयात्री (धागाकर्ती)

कोरियन शिकणाऱ्यांमध्ये हल्ली एक मत जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. मूळ कोरियन पुस्तके वाचायची तर फोन किंवा टॅब्लेटच हवा, कारण शब्दकोश, भाषांतर आणि उच्चार तिथे हाताशी असतात, असे नवशिक्यांना सरसकट सांगितले जाते. मला हे पटत नाही. ज्याला हांगुल, म्हणजे कोरियन लिपी, न अडखळता वाचता येते आणि टोपिक या कोरियन भाषेच्या प्रावीण्य परीक्षेच्या सहा पातळ्यांपैकी तिसरीच्या आसपास जो पोहोचला आहे, त्याने रोजचे वाचन ई-इंक, म्हणजे कागदासारख्या दिसणाऱ्या, पडद्याच्या ई-रीडरवर करावे, आणि तेही शब्दकोशाला शक्य तितके लांब ठेवून, असे माझे म्हणणे आहे.

कोरियन वाक्याची घडण मराठी वाचकाला परकी नाही. कर्ता आधी, मग कर्म आणि क्रियापद शेवटी. नामाला चिकटणारे प्रत्यय. क्रियापदाच्या अंती काळ, आदर आणि बोलणाऱ्याचा भाव. त्यामुळे वाक्याचा अर्थ शेवटच्या शब्दापाशी उलगडतो आणि तोवर मधले सगळे मनात धरून ठेवावे लागते. फोनवर वाचताना नेमके हेच साधत नाही. अनोळखी शब्द दिसला की बोट आपसूक त्यावर जाते, खिडकी उघडते, अर्थ कळतो, आणि परत येईपर्यंत वाक्याचा पूर्वार्ध निसटलेला असतो. ई-रीडरवर शब्द पाहणे संथ आणि कटकटीचे असते, म्हणून वाचक ते टाळतो, संदर्भावरून अदमास बांधतो आणि पुढे सरकतो. परिच्छेद संपेपर्यंत त्यातले बरेच अदमास आपोआप पक्के होतात किंवा मोडीत निघतात. परकी भाषा वाचण्याची सवय याच वाटेने लागते.

यंत्र निवडताना मात्र आधी दुकान ठरवावे आणि मग यंत्र पाहावे. ॲमेझॉनच्या किंडल या ई-रीडरचे कोरियन दुकानच नाही. कोरियातील रिडी, क्योबो, येस२४ आणि अलादिन ही दुकाने आपापल्या कुलपात पुस्तके विकतात. एका दुकानातून घेतलेले पुस्तक दुसऱ्याच्या ॲपमध्ये उघडत नाही. रिडीने २०१५ मध्ये स्वतःचा 'रिडी पेपर' आणला, येस२४ आणि अलादिनच्या पुस्तकांसाठी 'क्रेमा' ही मालिका आहे. पण असे यंत्र घेतले की वाचक त्या दुकानाशी बांधला जातो. कोरियाबाहेरच्या वाचकाला अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक रीडर, उदाहरणार्थ ऑनिक्स बूक्सचा, अधिक सोयीचा पडतो, कारण त्यावर हव्या त्या दुकानाचे ॲप बसवता येते. आपली मते, विशेषतः विरोधी मते, सविस्तर मांडावीत ही विनंती.

अर्थबोध

धागाकर्तीच्या मांडणीतला मुख्य मुद्दाच मला अमान्य आहे. संदर्भावरून अर्थ लावत पुढे जाणे हे ज्याला पानातले बहुतेक शब्द येतात त्याला शक्य असते. तिसऱ्या पातळीच्या वाचकासमोर मोठ्यांसाठी लिहिलेली कादंबरी ठेवली तर एका ओळीत तीन शब्द अडतात आणि संदर्भच उरत नाही. अशा वेळी शब्दकोश लांब ठेवणे म्हणजे त्याला चुकीचे अर्थ घट्ट करू देणे होय.

कोरियनच्या बाबतीत ई-रीडरच्या शब्दकोशाची अडचण केवळ संथपणाची नाही. शब्दकोशात क्रियापद मूळ रूपात असते आणि पुस्तकात ते सहसा तसे येत नाही. एक उदाहरण घेतो. 'तुरॉत्ता' हे भूतकाळी रूप पानावर दिसते. ते 'तुत्ता', म्हणजे ऐकणे, याचे असू शकते आणि 'तुल्दा', म्हणजे उचलणे, याचेही असू शकते, कारण पहिल्या क्रियापदाचे अंत्य व्यंजन स्वरापुढे बदलते आणि दोन्ही रूपे अक्षरशः एकसारखी होतात. साध्या ई-रीडरवर या शब्दावर बोट दाबून धरले तर तो हेच रूप शब्दकोशात शोधतो, आणि बहुधा काहीच सापडले नाही असे सांगतो. मराठीतला 'घरातल्यांनासुद्धा' हा शब्द कोशात शोधून 'घर' सापडेल अशी अपेक्षा ठेवण्यासारखेच हे आहे. फोनवरचा नावेर या कोरियन संकेतस्थळाचा शब्दकोश मात्र चालवलेल्या रूपावरून मूळ क्रियापदापर्यंत पोहोचवतो. ज्याला याची खरी गरज आहे, त्याच्याच हातून आपण हे साधन काढून घेत आहात.

टंकप्रेमी

दोघांच्याही प्रतिपादनात जी बाब सुटली आहे ती अक्षरांची, आणि ई-रीडरवर कोरियन वाचणाऱ्यांचा निम्मा त्रास तिथूनच सुरू होतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

हांगुलची मूळ अक्षरे २४, पण ती एकापुढे एक न मांडता चौकोनी गटांत रचतात. आरंभीची १९ व्यंजने, मधले २१ स्वर आणि शेवटचे व्यंजन नसण्यासकट २८ शक्यता, असा गुणाकार केला की ११,१७२ गट होतात, आणि युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या संगणकीय प्रमाणसंचात या प्रत्येकाला स्वतंत्र जागा आहे. यापूर्वीच्या कोरियन प्रमाणसंचात मात्र फक्त २,३५० गट होते. काही जुने, हलके फॉन्ट अजून तेवढ्यावरच थांबतात. त्यांच्यात 'त्तोम' यासारखा विरळा गट नसतो, आणि ध्वन्यनुकारी शब्दांनी भरलेल्या संवादात मध्येच रिकामी चौकट दिसते. वाचकाला वाटते की पुस्तक बिघडले आहे. प्रत्यक्षात फॉन्ट अपुरा असतो. जुन्या साहित्यात कंसात येणाऱ्या हांजा, म्हणजे चिनी अक्षरांचीही हीच कथा आहे. नानुम म्यॉन्जो किंवा रिडी बातांग यांसारखा विनामूल्य मिळणारा फॉन्ट यंत्राच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकला की नेहमीच्या वाचनातल्या बहुतेक चौकटी नाहीशा होतात.

साध्या मजकुराच्या जुन्या फायली हा दुसरा सापळा आहे. त्या बहुधा अक्षरे साठवण्याच्या कोरियाच्या जुन्या पद्धतीत साठवलेल्या असतात आणि ई-रीडरवर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. संगणकावर त्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत रूपांतरित करून मगच यंत्रावर घ्याव्यात. मॅकवरून आलेल्या फायलींच्या नावांतले गट सुटे होऊन व्यंजन-स्वर वेगवेगळे दिसतात, तोही साठवणीच्या पद्धतीचाच परिणाम आहे. आतल्या मजकुराला त्याने काही होत नाही.

ओळी तोडण्याबद्दलही सांगायला हवे. कोरियनमध्ये शब्दांमध्ये मोकळी जागा सोडतात, परंतु छापील परंपरेत ओळ कोणत्याही गटापाशी तुटू शकते. सरावलेल्या वाचकाला त्याचे काही वाटत नाही. शिकणाऱ्याला मात्र नाम एका ओळीच्या शेवटी आणि त्याचा प्रत्यय पुढच्या ओळीच्या आरंभी असे दिसले की तो प्रत्ययालाच नवा शब्द समजतो. काही वाचन-ॲपमध्ये शब्द न तोडण्याची सोय असते. ती सुरू करावी आणि दोन्ही बाजूंनी ओळी समान करण्याची सोय बंद ठेवावी. पडद्याविषयी एवढेच, की 'होंग' आणि 'हुंग' यांत एक बारीक उभी रेघ आडव्या रेघेच्या वर आहे की खाली एवढाच फरक असतो. इंचाला १६७ ठिपक्यांच्या जुन्या पडद्यावर लहान आकारात तो डोळ्यांना शिणवतो. ३०० ठिपक्यांपेक्षा कमीचा पडदा कोरियनसाठी घेऊ नये.

कागदवाली

मी तिसरीच बाजू मांडते. ज्या पुस्तकावर दुकानाचे कुलूप आहे ते आपण विकत घेतले असे म्हणणेच मला चुकीचे वाटते. दुकान बंद झाले, खाते अडकले किंवा यंत्र जुने होऊन ॲप चालेनासे झाले, तर पैसे मोजूनही पुस्तक हाती राहत नाही. त्यात हे दुकान परदेशात, त्याचे नियम आपल्याला पुरते न समजणाऱ्या भाषेत. काही पुस्तकांसाठी वयाची पडताळणी लागते आणि ती कोरियन फोन क्रमांकाशिवाय होत नाही. बाहेरच्या वाचकाची वाट तिथेच संपते.

ई-पुस्तके स्वस्त पडतात, हा एरवी केला जाणारा युक्तिवादही मला फारसा पटत नाही. कोरियातील निश्चित किंमत कायद्याने २०१४ च्या दुरुस्तीनंतर पुस्तकाच्या किमतीत १० टक्क्यांहून अधिक सूट देता येत नाही, आणि इतर लाभ धरून ही मर्यादा १५ टक्क्यांची आहे. ई-पुस्तकांनाही तोच नियम आहे. छापील पुस्तकात मी पेन्सिलीने खुणा करते, समासात मूळ क्रियापद लिहिते आणि वर्षांनंतर उघडले तरी माझी तेव्हाची समज मला दिसते. परकी भाषा शिकताना याला मोल आहे.

निशाचर

मी मुख्यतः वेब-कादंबऱ्या वाचतो. कोरियात त्या प्रकरणागणिक विकल्या जातात, सर्वसाधारणपणे १०० वॉनला (कोरियन चलन) एक, आणि एकेका कथेची शेकडो प्रकरणे असतात. छोटे परिच्छेद, भरपूर संवाद, सोपी वाक्ये, त्यामुळे अर्थबोध यांनी सांगितलेली अडचण इथे पुष्कळ सौम्य होते. या वाचनासाठी ई-इंक मला उत्तम वाटतो. वेबटून, म्हणजे इंटरनेटवरच्या कोरियन चित्रकथा, यांसाठी मात्र कोणी ई-रीडर घेऊ नये. ती चित्रे रंगीत असतात आणि वरून खाली सरकवत पाहण्यासाठी रचलेली असतात. ई-इंक पडद्यावर सरकवताना आधीच्या चित्राची छाया मागे राहते आणि चित्रकाराने साधलेली गती पार नाहीशी होते.

शब्दयात्री

अर्थबोध, आपले 'तुरॉत्ता' हे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते, पण त्यातून मी वेगळा निष्कर्ष काढते. तो शब्द ऐकण्याचा की उचलण्याचा, हे ठरवताना शब्दकोश दोन पर्याय समोर ठेवण्यापलीकडे काही करू शकत नाही. निवड वाक्यातल्या कर्मावरूनच करावी लागते. आवाज असेल तर ऐकला, पिशवी असेल तर उचलली. ही निवड करण्याचा सराव ज्याला होतो तोच पुढे वाचू लागतो. ओळीत तीन शब्द अडत असतील तर माझ्या मते यंत्र बदलण्यापेक्षा पुस्तक बदलावे. मुलांसाठीची पुस्तके, निशाचर म्हणतात तशा वेब-कादंबऱ्या, किंवा कथानक आधीच ठाऊक असलेले एखादे कोरियन भाषांतर घ्यावे.

शब्दकोश टाकूनच द्यावा असे मी म्हटलेले नाही. कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेचा शिकणाऱ्यांसाठीचा मूलभूत कोश सुमारे ५० हजार शब्दांचा आहे, त्यात अकरा भाषांतील अर्थ आहेत आणि तो मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. प्रकरण संपल्यावर खुणा केलेले शब्द त्यात पाहावेत.

कागदवालींची हरकत मला अधिक अस्वस्थ करते, कारण कुलपाबद्दल त्या म्हणतात ते खरे आहे. त्यावर अंशतः उपाय आहे. कोरियात स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे टिकतो, परंतु ही मुदत २०१३ मध्ये ५० वरून वाढवताना आधीच मुक्त झालेले साहित्य मुक्तच राहिले. म्हणून १९६२ पर्यंत निवर्तलेल्या लेखकांचे लेखन कोणालाही वापरता येते, आणि कोरियाच्या स्वामित्वहक्क आयोगाच्या 'कोंग्यू मादांग' या संग्रहात त्यातले बरेच मिळते. १९२० आणि १९३० च्या दशकांतल्या कथा आकाराने लहान असतात. त्यांची भाषा जुनी आणि प्रादेशिक आहे, म्हणून पहिले वाचन म्हणून त्या सुचवणार नाही, पण कुलूप नसलेली फाइल कोणत्याही ई-रीडरवर कायम राहते.

अर्थबोध

पुस्तक बदलावे, हे मान्य. परंतु २०२४ चे साहित्याचे नोबेल कोरियन लेखिकेला मिळाल्यापासून अनेकांनी भाषा शिकायला घेतली ती आजची, मोठ्यांसाठीची कादंबरी मूळातून वाचता यावी म्हणून. त्यांना बालपुस्तकांकडे वळवले तर पुष्कळ जण मध्येच सोडून देतील. अशा वाचकाने ती कादंबरी टॅब्लेटवर, शब्दकोश उघडा ठेवून, दिवसाला दोन पाने या गतीने वाचली तर त्यात मला काहीही गैर दिसत नाही. तीच कादंबरी दुसऱ्यांदा वाचताना ई-रीडर हाती घ्यावा. तेव्हा शब्द ओळखीचे झालेले असतात आणि आपण म्हणता ते सलग वाचन त्याला खरोखर साधेल.