जॅमर लावून ५०० रुपये घेतले, परत कसे मिळवायचे? मदत हवी आहे (तातडीने)

वारजेकर | मंगळवार, दुपारी १:१०

नमस्कार मंडळी. डोकं फिरलंय, त्यामुळे सरळ मुद्द्यावर येतो. आज सकाळी बाबांना फिजिओकडे नेलं होतं. तासाभरात परत येऊन बघतो तर चाकाला जॅमर. तिथला पोरगा म्हणाला ५०० द्या. पावती दाखवली तर म्हणे मागची बाजू वाचा. मागे इतक्या बारीक अक्षरात छापलंय की मुंगीलाही चष्मा लागेल. बाबांना उन्हात ताटकळत ठेवायचं नव्हतं म्हणून दिले पैसे. आता हे परत कसे मिळवायचे, तक्रार कुठे करायची एवढंच सांगा. "सोडून द्या हो" म्हणणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावे. आजच काहीतरी करायचंय.

प्रश्नोपनिषद | १:१८

कोणती गाडी? जागा कुठली? पैसे वाहतूक पोलिसाने घेतले, महापालिकेच्या ठेकेदाराने की खाजगी माणसाने? रोख की ऑनलाइन? पावतीवर काय छापलंय? यातलं एकही नाही सांगितलंत आणि "आजच" म्हणताय.

शनिवारपेठी | १:२६

लक्ष्मी रोडला पी-१, पी-२ च्या पाट्या असतात. सम तारखेला एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या. बाहेरच्या लोकांना ते कळत नाही आणि मग ओरड होते. मंडईत यायचं असेल तर आर्यन किंवा मिनर्वा वाहनतळ आहे, थोडं अलीकडे हमालवाडा आहे, तिथे लावावी आणि निमूट चालावं. आमच्या वेळी सायकल भिंतीला टेकवली की काम झालं.

वारजेकर | १:३१

लक्ष्मी रोड नाही हो काका! डेक्कनजवळ. क्लिनिकच्या शेजारी मोकळा प्लॉट आहे, "पे अँड पार्क" असा बोर्ड आहे. चारचाकी. जॅमर म्हटल्यावर चारचाकीच ना!

गॅरेजवाला | १:३३

दुचाकीला पण लावतात साहेब.

पौडफाट्यावरचा | १:४०

वारज्याहून डेक्कनला गाडी कशाला? वनाजला या, मेट्रोत बसा, डेक्कन जिमखान्याला उतरा. पार्किंगचा प्रश्नच संपला. लोक मेट्रो मागतात आणि झाल्यावर गाडीच काढतात.

वारजेकर | १:४४

बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. वनाजपर्यंत त्यांना काय खांद्यावर नेऊ?

पौडफाट्यावरचा | १:४६

हे आधी लिहायचं होतं.

कायद्याचं_बोला | १:५२

सरळ खंडणी आहे ही. भारतीय न्याय संहिता, कलम ३०८. मोटार वाहन कायद्याखालचा दंड फक्त शासनाने अधिकार दिलेला अधिकारी लावू शकतो. नो पार्किंगचे पहिल्यांदा ५००, पुन्हा केलंत तर १५००, आणि त्याचं ई-चलान निघतं. प्लॉटवाल्या पोराला "दंड" हा शब्द उच्चारायचाही हक्क नाही. चौकीत जा आणि एफआयआर नोंदवा. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकाल दिलाय की "वाहन मालकाच्या जबाबदारीवर" असं पावतीवर छापलं म्हणून हात झटकता येत नाहीत.

वैदेही_म | २:०५

कायद्याचं_बोला, तो निकाल गाडी चोरीला गेली त्याबद्दलचा आहे. दिल्लीच्या पंचतारांकित हॉटेलात मारुती झेनची चावी वॅलेकडे दिली होती, १९९८ सालची घटना. यांची गाडी जागेवरच होती, उलट सोडत नव्हते! आणि ५०० रुपयांसाठी एफआयआर म्हटलं की चौकीत आधी चहा विचारतील आणि मग "दिवाणी बाब आहे" म्हणून वाटेला लावतील.

वारजेकर, जॅमर लागलेला असताना ११२ ला फोन करायला हवा होता. पोलीस समोर आले की अशा ठिकाणचे जॅमर आपोआप निघतात, हे मी स्वतः बघितलंय. असो, ती वेळ गेली. आता तीन गोष्टी सांगा: ५०० कशाचे म्हणाले, त्याची वेगळी पावती दिली का, पैसे कोणाच्या नावावर गेले.

कायद्याचं_बोला | २:०९

निकालातलं तत्त्व तेच आहे. असो, तुम्ही वकील दिसता.

वैदेही_म | २:११

नाही. भांडकुदळ ग्राहक आहे.

वारजेकर | २:२०

५०० ची पावती नाही दिली. आत शिरताना ४० ची दिली होती, तीच आहे. यूपीआयने दिले. आत्ता बघितलं, नाव कोणा बाईंचं येतंय, प्लॉटच्या बोर्डावर वेगळंच काहीतरी "एंटरप्रायझेस" आहे. कारण म्हणाल तर टायर पिवळ्या पट्ट्याबाहेर होता म्हणे.

प्रश्नोपनिषद | २:२३

होता का?

वारजेकर | २:२५

वीतभर. पण तिथे लावा असं त्याच पोराने हात करून सांगितलं होतं! शेजारी एक मोठी गाडी तिरकी उभी होती, तिला काही नाही.

प्रश्नोपनिषद | २:२६

हे पहिल्या पोस्टमध्ये असतं तर आतापर्यंत अर्धं काम झालं असतं.

वैदेही_म | २:४०

बरं. पैसे घेऊन पावती न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून थेट लिहिलेली आहे. तुमची बाजू इथेच सगळ्यात भक्कम आहे. टायर कुठे होता त्यावर ते दिवसभर वाद घालतील, पावतीवर घालता येणार नाही.

४० च्या पावतीवर जीएसटी क्रमांक असेल तर तो १५ अक्षरांचा हवा आणि महाराष्ट्राचा असेल तर सुरुवात २७ ने. जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की धंद्याचं नोंदलेलं नाव दिसतं. ते नाव घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. मराठीत बोलता येतं. त्याने नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकीलही लागत नाही. त्याआधी प्लॉटवाल्याला एक पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. पाकिटावर "सूचना" असं लिहिलं तरी माणसं जरा सरळ होतात.

आणि तो प्लॉट महापालिकेने ठेक्यावर दिलेला असेल तर दरपत्रक ठरलेलं असणार. दहा रुपयांचा माहिती अधिकार अर्ज टाका: ठेक्याची प्रत, मंजूर दर, जॅमर लावण्याची मुभा दिली आहे का. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

शनिवारपेठी | २:४८

महापालिकेने २०१८ ला पार्किंगचं धोरण आणलं होतं. किती गदारोळ झाला होता सभागृहात! काय झालं त्याचं? रस्ते तेवढेच, गाड्या दुप्पट. आमच्या वाड्यात तीन कुटुंबांत मिळून एक स्कूटर होती आणि तीही ढकलूनच चालू व्हायची.

वारजेकर | ३:०२

मोजले. १३ च अक्षरं आहेत. 😡

गॅरेजवाला | ३:०५

😂 दोन आकडे छपाईवाल्याने खाल्ले.

नवीन_सदस्य_४२ | ३:१०

जरा विषयांतर, पण गाड्यांचं चाललंय म्हणून विचारतो. माझी २०१६ ची ॲक्टिव्हा आहे. उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवायला गेलो तर केंद्रावरचा म्हणाला फ्रेम घ्यावीच लागेल, २०० वेगळे. द्यायचे का?

गॅरेजवाला | ३:१६

अजिबात नाही. १ एप्रिल २०१९ आधीच्या दुचाकीला ४५० आणि जीएसटी, म्हणजे ५३१. चारचाकीला ८७९ रुपये १० पैसे. फिटिंग त्यातच आलं. फ्रेम ही हौस. गाडी घरी येऊन बसवायला सांगितली तर वेगळे लागतात, ते तुमच्या मर्जीवर. आणि बुकिंग परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरच्या दुव्यावरूनच करा. गुगलवर वर वर दिसतं ते सगळं खरं नसतं. परवा एक गिऱ्हाईक तसंच ११०० भरून बसलंय, प्लेटचा पत्ता नाही.

वारजेकर | ३:२४

गुगलवरून आठवलं. लिहू की नको असं चाललं होतं. पैसे देण्याआधी मी "जॅमर काढणारे पुणे" असं शोधलं होतं. एक नंबर मिळाला, "२४ तास रोडसाइड सेवा, २० मिनिटांत हजर". बुकिंगचे ७९९ घेतले. कोणी आलंच नाही, आता फोन बंद. म्हणजे एकूण १२९९ चा फटका. त्याची तक्रार पण १९१५ वरच का?

वैदेही_म | ३:२६

थांबा. पैसे कसे घेतले? काही लिंक, काही ॲप पाठवलं होतं का?

वारजेकर | ३:२९

लोकेशन कळायला एक ॲप पाठवलं होतं व्हॉट्सॲपवर. माझ्या फोनमध्ये जागा नव्हती म्हणून बाबांच्या फोनवर टाकलं. का?

गॅरेजवाला | ३:३०

अरे देवा. एपीके, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून येणारी ॲपची फाइल होती का ती?

वारजेकर | ३:३१

हो, शेवटी तसंच काहीतरी होतं. मेसेज वाचायची परवानगी मागत होतं, दिली.

वैदेही_म | ३:३३

५०० विसरा. आत्ता उठा. बाबांचा फोन फ्लाइट मोडवर टाका, वायफाय बंद, सिम काढून घ्या. ती फाइल बाबांच्या फोनवर येणारे ओटीपी तिकडे पाठवत असणार. दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करा, यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करायला सांगा. मग १९३०, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत गोठवता येतात. इथे उत्तर लिहीत बसू नका.

कायद्याचं_बोला | ३:३८

+१. आणि बँकेकडून तक्रार क्रमांक व वेळ लिहून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे तुमच्या चुकीने गेलेले पैसे तक्रारीपर्यंत तुमच्या माथी, तक्रारीनंतर जे जातील ते बँकेच्या. मिनिटामिनिटाचा फरक पडतो. (वैदेहीताई, इथे तरी सहमत आहात ना?)

वैदेही_म | ३:३९

शंभर टक्के.

गॅरेजवाला | ३:४५

सिम साध्या फोनमध्ये टाकून ##002# डायल करा, कॉल फॉरवर्ड लावले असतील तर निघतील. आणि तो फोन पूर्ण रिसेट केल्याशिवाय परत वापरू नका. नुसतं ॲप काढून भागत नाही, आमच्या शेजारच्या काकांचं तसंच झालं होतं. त्यांना तर ई-चलानच्या नावाने फाइल आली होती. खरं चलान राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकले की दिसतं, फाइल-बिल कोणी पाठवत नाही.

शनिवारपेठी | ४:१०

मी अजून पेन्शन बँकेत जाऊन काढतो. सगळे हसतात.

पौडफाट्यावरचा | ४:१५

आज कोणी हसणार नाही काका.

वारजेकर | मंगळवार, रात्री ९:४०

सगळ्यांचे मनापासून आभार, दुपारी धन्यवाद म्हणायलाही वेळ नव्हता. बँकेने ३:५२ ला खातं बंद केलं. ३:४७ ला २५ हजार पाठवायचा प्रयत्न झाला होता, शिल्लक कमी म्हणून फसला. बाबांनी गेल्याच आठवड्यात मुदत ठेव केली होती म्हणून वाचलो. आईने मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. १९३० वर नोंद झाली, ७९९ चं बघू.

बाबा मात्र शांत आहेत. फोन रिसेट केल्यामुळे भजनी मंडळाचे सगळे फोटो गेले, तेवढंच त्यांना लागलंय.

प्रश्नोपनिषद | ९:५२

सुटलात. आता त्या नंबरचे आणि व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, तुमच्या फोनमधले. आणि प्लॉटचं?

वारजेकर | गुरुवार, सकाळी ११:०५

काल संध्याकाळी एकटा गेलो, रिक्षाने. तो पोरगा नव्हता, दुसराच होता. बोर्डाचा फोटो काढला. दराच्या जागी पांढरा रंग फासलाय, खालून "१०" पुसट दिसतंय. फोटो काढताना बघून आतून एक गृहस्थ आले. मी फक्त दोन प्रश्न विचारले: यूपीआयवरच्या बाई कोण, आणि जीएसटी क्रमांकातले दोन आकडे कुठे गेले. त्यांनी खिशातून ५०० ची नोट काढून हातात ठेवली, "गैरसमज झाला" म्हणाले. वहिनी आहेत म्हणे त्या.

कायद्याचं_बोला | ११:१२

घ्यायला नको होती! पुरावा गेला!

वैदेही_म | ११:१५

घेतली ते बरं केलं. पावती मागितलीत का परत दिल्याची? 🙂 १९१५ आणि माहिती अधिकार अर्ज तरीही टाका. उद्या तिथे दुसरं कोणी आपल्या वडिलांना घेऊन येईल.

वारजेकर | ११:३०

अर्ज आजच टाकतोय. बाबांचं फिजिओ अजून सहा आठवडे त्याच क्लिनिकमध्ये आहे, त्यामुळे मला उत्तर हवंच आहे.

नवीन_सदस्य_४२ | ११:४१

फ्रेमचे २०० मी काल देऊन आलो होतो. पावती दिली नाही. १९१५ च ना?