वीज केंद्रांच्या कार्बनवर कायदेशीर मर्यादा: तुमचा पाठिंबा आहे का?

रानफूल
डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक वीज केंद्रांना धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड आणि पारा यांच्या मर्यादा घालून दिल्या. कार्बन डायऑक्साइडला मात्र मर्यादा नाही. कोळशाच्या एका युनिट विजेमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॉटचं. वर्षभर साठ टक्के क्षमतेनं चाललं तरी दीड कोटी टन होतात. मर्यादा हवीच, आणि ती लोकांनी मागायला हवी. अमेरिकेत २०१४ साली अशाच नियमाच्या मसुद्यावर चाळीस लाखांहून जास्त लोकांनी मतं कळवली होती.

बॉयलर_काका
माझा विरोध. त्या चाळीस लाखांचं पुढे काय झालं? २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं नियमाला स्थगिती दिली आणि २०२२ मध्ये तसा नियम करण्याचा अधिकारच पर्यावरण खात्याला नाही असं ठरवलं.

आता आपल्याकडचं सांगतो, नोकरी याच कामात गेली. दुपारी सौर वीज वाढली की लोड डिस्पॅचचा, म्हणजे ग्रिडवर विजेचा मेळ घालणाऱ्या केंद्राचा, फोन येतो: वीजनिर्मितीचा संच ५५ टक्क्यांवर आणा. कमी लोडवर प्रत्येक युनिटमागे कोळसा जास्त जळतो. त्याहून खाली गेलात तर ज्योत टिकवायला तेल मारावं लागतं. म्हणजे सौर विजेला वाट करून देणाऱ्या संचाचाच प्रतियुनिट कार्बन वाढणार, आणि मर्यादा प्रतियुनिट घातली तर तोच दोषी ठरणार. संध्याकाळी सात वाजता परत पूर्ण लोड त्याच्याकडूनच मागणार. भारनियमनाचे दिवस विसरलात का?

सायली_ना
एफजीडी, म्हणजे चिमणीचा धूर साफ करणारं यंत्र, बसवलं की हा प्रश्न सुटतो ना? मग सरकारनं २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूट का दिली?

रानफूल
सायली, एफजीडी सल्फर पकडतं, कार्बन नाही. ती सूट चुकीचीच आहे, पण तो वेगळा लढा.

काका, कमी लोडचा मुद्दा मला पटला. मग मर्यादा प्रतियुनिट नको, केंद्राच्या वर्षभराच्या एकूण कार्बनवर घाला. दुपारी संच खाली आणला तर एकूण कोळसा कमीच जळतो, त्याचा फायदा केंद्राला मिळेल. आणि २१० मेगावॉटचे चाळीस वर्षांचे संच आधी बंद करावे लागतील. संध्याकाळसाठी घाटघरसारखी केंद्रं वाढवा: दुपारच्या विजेनं पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडायचं.

बॉयलर_काका
एकूण मर्यादा हा प्रतियुनिटपेक्षा बरा विचार आहे, हे मान्य. पण घाटघर २५० मेगावॉटचं. कोयना १९६० मेगावॉटची असली तरी वीज करायला पश्चिमेकडे वळवायचं पाणी कृष्णा पाणीवाटप लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधलंय. साठवणूक आधी उभी करा, मर्यादा मग घाला. अमेरिकेचं दरडोई उत्सर्जन आपल्या कितीतरी पट आहे, घाई त्यांनी करावी.

रानफूल
‘आधी, मग’ यातच २०१५ चे नियम अडकले. मुदत २०१७ ची होती, पुढे ढकलत ढकलत शेवटी बहुतेक केंद्रांना सल्फरच्या यंत्रातून सूटच मिळाली. तारीख कायद्यात असल्याशिवाय साठवणुकीत कोणी पैसा घालणार नाही.

गेटपास
माझे वडील एका केंद्रात कोळसा हाताळणीला कंत्राटी आहेत. केंद्राचं नाव लिहीत नाही. तिथला जुना संच बंद झाला तेव्हा कायम कामगारांची बदली झाली. कंत्राटी माणसांचे गेटपास पुढच्या महिन्यात नव्यानं निघालेच नाहीत. नोटीस नाही, भरपाई नाही, कारण कागदावर ते त्या केंद्राचे कामगारच नव्हते. आईला दम्याचा त्रास आहे, त्यामुळे चिमणी बंद व्हावी असं आमच्या घरातही वाटतं. तरी आज मत विचारलंत तर वडील विरोधातच हात वर करतील.

बॉयलर_काका
हे खरं आहे. मी पाहिलंय.

रानफूल
मग संच बंद करायची तारीख ठरेल त्याच आदेशात कंत्राटी कामगारांची नावनिशीवार यादी, भरपाई आणि दुसरं काम लिहून यायला हवं. ते नसेल तर अशा मर्यादेला माझाही पाठिंबा नाही.

गेटपास
यादी ठेकेदाराच्या रजिस्टरवरून करू नका. गेटच्या हजेरीवरून करा. ठेकेदार दर दोन वर्षांनी बदलतो, माणसं तीच असतात.