टार धुवायचा, की होऊच द्यायचा नाही?

भट्टीवाला: बायोमासपासून, म्हणजे लाकूड-भुशासारख्या जैव पदार्थांपासून, सिनगॅस काढणं सोपं, तो स्वच्छ काढणं महाकठीण. लाकूड अपुऱ्या हवेत ८००-९०० अंशांवर तापवलं की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन, म्हणजेच सिनगॅस, मिळतात, पण सोबत टार, म्हणजे डांबरासारखी चिकट घाणही येते. गॅस गार झाला की हा टार पाइपात, व्हॉल्व्हवर चिकटून बसतो. अपड्राफ्ट गॅसिफायरमधून, म्हणजे गॅस वरून काढणाऱ्या भट्टीतून, घनमीटरमागे ५० ग्रॅम टार सहज निघतो. इंजिन सोसतं जेमतेम १०० मिलिग्रॅम. माझं मत स्पष्ट आहे: स्क्रबरवर, म्हणजे गॅस धुणाऱ्या यंत्रणेवर, पैसे ओतू नका, रिॲक्टर म्हणजे भट्टीच सुधारा. पाण्याने गॅस धुतलात तर घाण फक्त पाण्यात जाते. ते फिनॉलचं विषारी पाणी सोडणार कुठे?

राखेतला_निखारा: म्हणजे डाउनड्राफ्ट, गॅस खालून काढणारी भट्टी, असंच ना? त्यात टार कमी, मान्य. पण तो मोठा करून दाखवा! भट्टीचा घसा रुंद केला की मध्ये गार पट्टे राहतात आणि टार तिथून न जळता निसटतो. शिवाय त्याला सुके, एकसारखे तुकडे लागतात. नुसता भुसा टाकलात तर तुंबलाच. मोठ्या प्रकल्पाला फ्लुइडाइज्ड बेड, म्हणजे तापलेल्या वाळूचा उसळता थर, हवा आणि तिथे गॅस धुण्यावाचून सुटका नाही. पाणीच कशाला हवं? ऑस्ट्रियात ग्युसिंगच्या प्रकल्पात रेपसीड तेलाच्या मिथाइल एस्टरने धुवायचे आणि टार मुरलेलं ते द्रावण ज्वलनकक्षात जाळायचे. सांडपाण्याचा प्रश्नच मिटला.

भट्टीवाला: डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाचा वायकिंग गॅसिफायर बघा. आधी पायरॉलिसिस, म्हणजे लाकूड हवेविना तापवणं, वेगळं, मग त्या वाफा थोड्या हवेत अर्धवट जाळायच्या, मग तापलेल्या कोळशाच्या थरातून सोडायच्या. टार घनमीटरला ५ मिलिग्रॅमच्याही खाली. साधं बॅग फिल्टर पुरतं.

राखेतला_निखारा: ७५ किलोवॅटचा, एवढासाच ना तो? 🙂

तिरपागडा: तुमचं चालू द्या, पण ग्युसिंग २०१६ मध्ये बंद पडलं. स्वीडनमध्ये गोथेनबर्गचा २० मेगावॅटचा गोबीगॅस प्रकल्प २०१८ मध्ये थांबला. सिनगॅसपासून केलेला तिथला मिथेन तर थेट वायूच्या जाळ्यात जात होता! स्वच्छतेत नाही, पैशांत हरले. त्यापेक्षा लाकूड बॉयलरमध्ये जाळा आणि मोकळे व्हा.

राखेतला_निखारा: बॉयलरमधून मिथेनॉल काढून दाखवा, मग बोलू. उष्णता मिळवायला इतर वाटा आहेत, कार्बन मिळवायला फारशा नाहीत. आणि सिनगॅसपासून मिथेनॉल करायचं तर टार जाऊनही भागत नाही. गंधक राहिलं की उत्प्रेरक मेलाच. रिॲक्टर कितीही गुणी असो, लाकडातलं गंधक गॅसमध्ये उतरणारच.

भट्टीवाला: गंधकाचं पटलं. पण गोबीगॅसचा विषय निघालाच आहे तर सांगतो. सुरुवातीला तिथे टारने गॅस कूलरच तुंबायचे. बेडमध्ये पोटॅशियम कार्बोनेट घालायला लागल्यावर टार घटला आणि प्रकल्प सलग चालू लागला. इलाज रिॲक्टरच्या आतच सापडला की नाही?

राखेतला_निखारा: सापडला. तरी पुढचा स्क्रबर काही त्यांनी काढला नाही, त्याच्यामागचे, उरलेली घाण शोषणारे सक्रिय कार्बनचे थरही नाहीत.