मदत हवी आहे: समुद्रावरचं पहिलंच प्री-वेडिंग

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला, लग्नाचे फोटो काढतो. आजवरची प्री-वेडिंग सगळी धरणाच्या भिंतीवर, नाहीतर कपाशीच्या वावरात. आता एका जोडप्याचं साक्षगंध झालं आणि त्यांना गुहागरचा समुद्रच पाहिजे. पोरगा म्हणतो, "भाऊ, वावर तं रोजच पाहतो."

अडचण उजेडाची. तिकडे सूर्य समुद्रात बुडतो, म्हणजे संध्याकाळी ऊन थेट जोडप्याच्या पाठीमागून. आकाश सांभाळलं की चेहरे काळे, चेहरे धरले की आकाश पांढरं फटक. धरणावर मी थर्माकोलच्या पांढऱ्या शीटने ऊन चेहऱ्यावर परतवून भागवतो. भाचा धरून उभा राहतो. समुद्राच्या वाऱ्यात ती शीट भाच्यासकट उडेल. मग फ्लॅशच बरा का?

भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते, एवढं वाचलं. ओल्या वाळूत जोडप्याचं प्रतिबिंब हवं असेल, तर सूर्यास्ताला पाणी उतरत असलेलं बरं की पूर्ण ओहोटी?

लेन्स दोनच, 50 मिमीची आणि किटची, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली, 18-55 मिमीची झूम. वाळूत बदलायची हिंमत नाही. कोणती लावून ठेवू?

आणि हो, पोरीला आईचा शालू नेसून पाण्यात उभं राहायचं आहे. खारं पाणी लागलेला शालू कोणी वाचवला असेल तर तेही सांगा.