मदत हवी आहे: स्वतःबद्दलचं किती आणि काय सांगावं?

नमस्कार मंडळी. आम्ही काही लिहिणारे एकमेकांना फक्त लेखनातूनच ओळखतो. आता प्रत्येकाने स्वतःबद्दलच्या, सहसा कुणाला ठाऊक नसलेल्या पाच-सहा गोष्टी सांगायच्या असं ठरलंय. कल्पना मला मनापासून आवडली, पण निवड करताना अडलेय.

एक गोष्ट सोपी आहे: मला आकडे रंगीत जाणवतात. चार कायम निळा, सात पिवळट. याला सिनेस्थेशिया म्हणतात. दुसरी मात्र जड जाते. लहानपणी मी बोलताना अडखळायचे. आजही अनोळखी माणसाला फोन करण्याआधी पहिलं वाक्य मनात दोनदा म्हणून बघते. हे सांगावंसं वाटतं, पण मग सगळे सांभाळून बोलू लागतील का?

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या मानसशास्त्रज्ञांनी 1955 साली 'जोहारी विंडो' मांडली; आपल्याबद्दल आपल्याला काय माहीत आहे आणि इतरांना काय, हे दाखवणारा तो तक्ता. त्यात चार खाने आहेत. त्यातला एक, आपल्याला माहीत पण इतरांना नाही असा. मला त्यातलंच थोडं उघड करायचंय. पहिली शाळा, आईचं माहेरचं आडनाव, पाळीव प्राण्याचं नाव हे मात्र मी आधीच वगळलंय, कारण पासवर्ड विसरल्यावर हेच प्रश्न विचारले जातात.

अजून एक पेच आहे. माझ्या एका आठवणीत भावाचं आजारपण येतं. नाव न घेता लिहिलं तरी त्याला आधी विचारायलाच हवं ना? तुम्ही अशा वेळी काय करता? आणि सुरुवात हलक्या गोष्टीने केलीत की थेट जड गोष्टीने?